डॉक्टरच पेशंट होते तेव्हा...

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची मीटिंग संपली आणि एक जण मागे थांबली. सगळ्या गेल्यावर तिने पिशवीतून नवऱ्याच्या औषधपाण्याचे कागद काढले. तीन वर्षांचे केसपेपर. दोन दवाखाने, चार वेळा सलाईन. प्रत्येक कागदावर जवळपास तेच लिहिलेलं. पोटाला सूज, ॲसिडिटी, अशक्तपणा. मी कागद उलटसुलट करून पाहिले. दारू हा शब्द कुठेच नव्हता. डॉक्टरांना सांगितलं नाहीस का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली की त्यांनी विचारलंच नाही आणि बाहेर बाकावर गावातली चार माणसं बसलेली असताना ती तरी कसं सांगणार?

त्या रात्री मला डॉ. बॉब आठवले. दारू सुटावी म्हणून एकमेकांना धरून राहणाऱ्या माणसांची 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना तुम्ही ऐकली असेल. तिला सगळे थोडक्यात 'एए' म्हणतात. ती ज्या दोघांनी सुरू केली त्यातले एक हे डॉ. बॉब. ते सर्जन होते आणि स्वतःच दारूत गळ्यापर्यंत बुडालेले होते. त्यांच्या गोष्टीतही असाच एक केसपेपर आहे, पोटाला सूज असं लिहिलेला. त्याच्याकडे येऊच. आधी माणूस समजून घेऊ.

रॉबर्ट होलब्रुक स्मिथ हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म ८ ऑगस्ट १८७९ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या सेंट जॉन्सबरी या लहानशा गावातला. वडील न्यायाधीश. घर सुशिक्षित, प्रतिष्ठित आणि कडक धार्मिक. एकुलता एक मुलगा. संध्याकाळी पाच वाजताच त्याला झोपायला पाठवत आणि हा गुपचूप उठून बाहेर सटके! आठवड्यातून कितीतरी वेळा चर्चला जावं लागे. मोठं झाल्यावर या सगळ्यातून सुटायचं, हे त्याने लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

ती संधी कॉलेजात मिळाली. डार्टमथ कॉलेजात मुलं भरपूर पीत आणि रॉबर्ट त्या सगळ्यांच्या पुढे होता. सुरुवातीला त्याला दुसऱ्या दिवशी काही त्रासच होत नसे. डोकं दुखत नाही, मळमळत नाही, म्हणून मित्रांना त्याचा हेवा वाटे. आपल्याकडेही असं कौतुक होतंच की! किती घेतो तरी कसा ताठ चालतो, असं. खरं तर शरीराला दारूची सवय होत चालल्याची ती खूण असू शकते. पण हे त्याला कोण सांगणार?

१९०२ मध्ये तो पदवीधर झाला. तीन वर्षं नोकऱ्या केल्या आणि मग डॉक्टर व्हायचं ठरवून मिशिगन विद्यापीठात दाखल झाला. तिथे पिणं इतकं वाढलं की सकाळी हात थरथरायचे. हात थरथरताना वर्गात जायचं कसं, म्हणून वर्गच बुडवायचे. शेवटी ते कॉलेज सोडावं लागलं. शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली. पण तिथेही परीक्षेत हात इतके कापत होते की पेन धरता येईना आणि त्याने कोऱ्या उत्तरपत्रिका देऊन टाकल्या. आणखी काही महिने शिकायचं आणि दारूला अजिबात हात लावायचा नाही, अशी अट कॉलेजने घातली. ती त्याने पाळली आणि १९१० मध्ये डॉक्टर झाला.

इथे थांबून एक विचार मनात येतो. हे सगळं घडत होतं ते मेडिकल कॉलेजात. आजूबाजूला सगळे डॉक्टर. थरथरणारे हात सगळ्यांना दिसत होते. शिस्त लावणारे भेटले, रागावणारे भेटले. पण हा मुलगा आजारी आहे, असं म्हणून त्यावर उपचार करणारं कोणी भेटलं नाही. त्या काळी दारूडा म्हणजे मनाचा दुबळा, संस्कार विसरलेला माणूस, एवढंच लोक मानत. डॉक्टरही त्याच समाजातले.

पुढे ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात ते सिटी हॉस्पिटलमध्ये दोन वर्षं राहिले. कामाच्या धबडग्यात दारूला वेळच मिळाला नाही. १९१२ मध्ये स्वतःचा दवाखाना थाटला. हातात पैसा आला, मोकळा वेळ आला आणि दारूही परत आली. पोट बिघडायचं आणि त्या दुखण्यावर उतारा म्हणून पुन्हा दारूच. पुढच्या काही वर्षांत ते स्वतःहून डझनभर वेळा तरी आरोग्यधामात जाऊन राहिले. बाहेर आले की पुन्हा तेच. शेवटी वडिलांनी गावाकडून एक डॉक्टर पाठवून त्यांना घरी नेलं. दोन महिने ते अंथरुणावर होते.

त्यातून सावरल्यावर २५ जानेवारी १९१५ ला त्यांनी ॲन रिप्ले हिच्याशी लग्न केलं. ॲन म्हणजे या गोष्टीतली आपली माणूस. शाळेत असताना एका नाचाच्या कार्यक्रमात दोघांची ओळख झाली होती आणि लग्न झालं ते तब्बल सतरा वर्षांनी. ती वेल्स्लीसारख्या नावाजलेल्या कॉलेजात शिकलेली, शाळेत शिकवलेली, शांत आणि विचारी बाई. लग्नानंतरची पहिली काही वर्षं चांगली गेली. १९१८ मध्ये मुलगा झाला, काही वर्षांनी त्यांनी एका पाच वर्षांच्या मुलीलाही दत्तक घेतलं.

मग १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली. डॉ. बॉबना वाटलं, आता थोडी घ्यायला हरकत नाही, कारण लवकरच मिळणारच नाही! पण डॉक्टरांना औषधासाठी म्हणून अल्कोहोल मिळतच होतं आणि चोरून विकणारेही होतेच. दारूबंदीच्या काळातच त्यांचं व्यसन पक्कं झालं.

त्यांचा दिवस कसा असायचा ते ऐका. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून झोपेच्या, गुंगीच्या औषधांचा मोठा डोस. दुपारपर्यंत दारूला हात नाही, कारण ऑपरेशनं करायची असत आणि घर चालवायचं असे. दुपारी चारनंतर प्यायला सुरुवात. रात्री झोप यावी म्हणून दारू आणि ती संपेल की काय ही धास्ती. घरभर बाटल्या लपवलेल्या. कोळशाच्या ढिगात, धुण्याच्या कपड्यांत, तळघरातल्या तुळयांवर. ॲन त्यांचे कोट चाचपून बघायची. म्हणून त्यांनी एका सिनेमातली युक्ती उचलली आणि छोट्या बाटल्या पायमोज्यात दडवून घरात आणू लागले. मैत्रिणींनो, किती जणींना हे ओळखीचं वाटलं? आपल्याकडे पायमोजे नसतील, पण मोटारसायकलची डिकी आहे, धान्याची कोठी आहे.

दारूबंदी उठताना बिअर मिळू लागली, तेव्हा त्यांनी ॲनला पटवलं की नुसत्या बिअरने कोणी दारूडा होत नाही. तिनेही बिचारीने तळघर बिअरने भरू दिलं. थोड्याच दिवसांत ते दिवसाला दीड खोका बिअर संपवू लागले! नुसती बिअरच घेतो, हे वाक्य तेव्हापासून आजपर्यंत किती बायकांनी ऐकलं असेल.

सतरा-अठरा वर्षं हे चाललं. मुलांना दिलेली वचनं मोडली, पेशंट कमी झाले, घर गहाण पडलं, पाहुण्यारावळ्यांचं येणं-जाणं थांबलं. सहकारी डॉक्टरांना, नर्सना, शेजाऱ्यांना सगळं दिसत होतं. पण बोलायचं कोणी आणि काय बोलायचं? ॲन १९३३ पासून एका प्रार्थनागटात जाऊ लागली आणि तिने नवऱ्यालाही नेलं. अडीच वर्षं ते जात राहिले आणि पीतही राहिले. पण १९३५ च्या वसंतात एका संध्याकाळी, सगळे आपापल्या मनातलं बोलत असताना, आपण चोरून पितो आणि आपल्याला थांबता येत नाही, असं त्यांनी तोंडाने कबूल केलं. डॉक्टर असलेल्या माणसाने चारचौघांत हे सांगितलं! त्या बैठकीत हेन्रिएटा सायबरलिंग नावाची एक बाई होती. तिने ते लक्षात ठेवलं.

काही आठवड्यांतच न्यूयॉर्कहून बिल विल्सन नावाचा माणूस ॲक्रनला आला. धंद्याचं काम फसलं होतं आणि खिशात पैसे नव्हते. पाच महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. हॉटेलातल्या बारचा आवाज ऐकून त्याला भीती वाटली की आपण पुन्हा पिऊ. एखाद्या दुसऱ्या दारूड्याशी बोललो तरच वाचू, असं वाटून त्याने फोन फिरवायला सुरुवात केली आणि तो पोचला हेन्रिएटाबाईंपर्यंत. त्यांना लगेच डॉ. बॉब आठवले. त्यांनी ॲनला फोन केला. पण तो मातृदिनाच्या आदला दिवस होता. डॉक्टर बायकोसाठी फुलझाडाची कुंडी घेऊन आले, ती टेबलावर ठेवली आणि नशेत तिथेच आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी, १२ मे १९३५ ला, संध्याकाळी पाच वाजता दोघं भेटले. फक्त पंधरा मिनिटं बसायचं, असं डॉ. बॉबनी ॲनला बजावलं होतं. ते उठले रात्री सव्वाअकराला!

असं काय झालं त्या सहा तासांत? बिलने उपदेश केला नाही, शपथ घ्यायला लावली नाही. त्याने स्वतःची गोष्ट सांगितली. आणि न्यूयॉर्कच्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला जे समजावलं होतं ते सांगितलं, की हा आजार आहे. एकदा पोटात गेली की शरीर आणखी मागतं आणि सोडली तरी मन पुन्हा तिकडेच ओढतं. गंमत बघा, जे डॉक्टरांनी पेशंटला सांगायचं, ते एका शेअरबाजारवाल्याने डॉक्टरला सांगितलं.

लगेच चमत्कार झाला नाही. डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला ते अटलांटिक सिटीला गेले आणि रेल्वेतच प्यायला लागले. काही दिवस पत्ताच नाही. परत आणल्यावर बिल आणि ॲनने त्यांना सांभाळलं, कारण लगेच एक ऑपरेशन करायचं होतं. ऑपरेशन पार पडलं, पण डॉक्टर घरी येईनात. ॲनच्या मनात काय काय आलं असेल! रात्री उशिरा ते आले ते शुद्धीत. ज्यांचे पैसे बुडवले, ज्यांना दुखावलं, त्यांच्या दारात जाऊन ते माफी मागून आले होते. त्यानंतर त्यांनी कधीच दारू घेतली नाही. १० जून १९३५ हा तो दिवस एए आजही आपला स्थापनादिन मानते. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

मग ॲक्रनमधलं त्यांचं घर म्हणजे धर्मशाळाच झाली. दारू सोडू पाहणारी अनोळखी माणसं तिथे येऊन राहत. ॲन त्यांना कॉफी देई, जेवू घाली, सकाळी बायबलातलं वाचून दाखवी. घरात पैशांची चणचण तशीच होती. ती या माणसांच्या बायकांशीही बोलत बसे. आपण एकट्या नाही, हे त्या बायकांना पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात कळलं असेल.

पण घरात सगळंच जमत नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली की थरथर, घाम, झटके, भ्रम असं काहीही होऊ शकतं. त्याला हॉस्पिटलच लागतं. आणि हॉस्पिटलं दारूड्यांना घ्यायला तयार नसत. ते गोंधळ घालतात, बिलं बुडवतात, आणि हा आजार थोडाच आहे, असं म्हणत.

इथे येतात सिस्टर इग्नेशिया. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या नन पूर्वी संगीत शिकवत. तब्येत ढासळल्यावर त्यांना ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हलक्या कामावर, म्हणजे पेशंट दाखल करून घेण्याच्या टेबलावर बसवलं होतं. डॉ. बॉबनी स्वतःची सारी कहाणी त्यांना सांगितली आणि मदत मागितली. १६ ऑगस्ट १९३९ ला सिस्टरनी पहिला पेशंट दाखल करून घेतला. आता त्याच्या कागदावर लिहायचं काय? दारूचा आजार असं लिहिलं तर वरून परवानगी मिळणार नाही. म्हणून लिहिलं, पोटाला तीव्र सूज!

हाच तो केसपेपर. दुसऱ्या दिवशी डॉ. बॉबना या पेशंटसाठी एकांत हवा होता, म्हणजे दारू सोडलेले लोक येऊन त्याच्याशी मोकळेपणाने बोलतील. स्वतंत्र खोली नव्हती. सिस्टरनी त्याची कॉट फुलं सजवायच्या छोट्या खोलीत ढकलली. एवढ्याशा खोलीत ते काम सुरू झालं.

लवकरच हॉस्पिटलने ते उघडपणे स्वीकारलं. वेगळा वॉर्ड झाला. पाच दिवसांचा मुक्काम असे. डॉ. बॉब येत, तपासत, औषध देत आणि कॉटवर टेकून साध्या शब्दांत बोलत. पूर्वी बुडालेले आणि आता सावरलेले लोक भेटायला येत. निघताना सिस्टर प्रत्येकाला एक छोटं पदक देत. पुन्हा प्यायची वेळ आली तर आधी हे परत आणून द्यायचं, असं वचन घेऊन. १९५० पर्यंत डॉ. बॉबनी पाच हजारांहून जास्त व्यसनी माणसांवर उपचार केले, आणि एकाकडूनही फी घेतली नाही.

१ जून १९४९ ला ॲन गेली. डॉक्टरांनाही कॅन्सरने गाठलं होतं. जुलै १९५० मध्ये क्लीव्हलँडला एएचं मोठं अधिवेशन भरलं, तिथे ते थकलेल्या शरीराने उभे राहिले आणि सगळं सोपं ठेवा, एवढंच थोडक्यात सांगून गेले. १६ नोव्हेंबर १९५० ला त्यांचं निधन झालं. ॲक्रनमधल्या त्यांच्या कबरीच्या दगडावर एएचा उल्लेखसुद्धा नाही. त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेने ठराव करून सांगितलं की दारूचं व्यसन हा आजार आहे आणि अशा पेशंटना हॉस्पिटलमध्ये घ्यायला हवं.

मैत्रिणींनो, सिस्टर इग्नेशियांनी कागदावर खोटं लिहिलं ते पेशंटला आत घेण्यासाठी. आत काय उपचार करायचा ते दोघांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे कागदावर पोटाची सूज लिहिली जाते आणि उपचारही फक्त पोटावरच होतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीत, देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे कुठल्याच डॉक्टरकडे गेले नसतील का? ताप, पोट, पडून झालेली जखम, यासाठी कुठे ना कुठे गेलेच असतील.

गावातल्या डॉक्टरांना दोष देऊन आपण मोकळं व्हावं, असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या ओपीडीत गर्दी असते आणि पेशंट चिडेल ही भीतीही असते. पण विचारायला फार वेळ लागत नाही. कमी करावीशी वाटली का, कोणी बोललं की राग येतो का, मनाला खातं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का, हे चार साधे प्रश्न जगभर डॉक्टर विचारतात. डॉ. बॉबना हे वेळेवर आणि तुच्छता न दाखवता कोणी विचारलं असतं तर?

आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं. बाहेर बाकावर माणसं असतील तर एका चिठ्ठीवर लिहून केसपेपरबरोबर आत पाठवा. रोज किती, किती वर्षं, सकाळी हात थरथरतात का, पूर्वी झटका आला होता का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. डॉक्टरांना हे कळलं नाही तर नुसतं सलाईन लागतं आणि अशा पेशंटला अत्यंत गरजेचं असलेलं बी-१ जीवनसत्त्व द्यायचं राहून जाऊ शकतं. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. आणि नकळत दारू सोडवणाऱ्या पुड्या-गोळ्या भाजीत कालवून देऊ नका. दारूबरोबर त्रास व्हावा म्हणून द्यायचं एक औषध डॉक्टर वापरतात, पण पेशंटला सांगून. न सांगता दिलं आणि तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

आज ओढ कमी करणारी औषधं आहेत, समुपदेशन आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेलं मुक्तांगण आहे. एएचे मराठी गट आहेत आणि घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट आहेत. सगळ्यांना एकच मार्ग लागू पडतो असं नाही, तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवावं. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाईन आहे, नंबर १४४४६.

बचत गटातल्या त्या मैत्रिणीबरोबर मी गेल्या आठवड्यात दवाखान्यात गेले. चिठ्ठी तिनेच लिहिली होती, पाच ओळींची. डॉक्टरांनी ती वाचली, दार लोटून घेतलं आणि नवऱ्याला समोर बसवून शांतपणे विचारलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला, मग बोलायला लागला. पुढे काय होईल ते आत्ताच सांगता येणार नाही. पण तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या केसपेपरवर खऱ्या आजाराचं नाव लिहिलं गेलं आहे.